गाण्याची वाटणी

शेताच्या वाटण्या होतात, भांड्यांच्या होतात, एका आंब्याच्या फांद्या वाटून घेतलेले भाऊही मी पाहिले आहेत. पण गाण्याची वाटणी झालेलं घर आमच्या जऊळक्यात एकच होतं, आणि ते आमचं होतं. आमच्या वाट्याला तबला, पेटी आणि व्हायोलिनं आली. गाणारी बाई मोठेबाबांच्या वाट्याला गेली. हे कोणाला सांगितलं की लोक हसतात, आता मीही हसते. पण ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी आमच्या घरात कोणी हसत नव्हतं. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न एका भिंतीपायी अडलं होतं, आणि ती भिंत आमच्याच घराच्या पोटातून गेलेली होती.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. ते शेती बघायचे. बाबा स्टेशनावर सांधेवाले होते. छोटी गाडी यायच्या वेळी खटका ओढायचा, कंदील दाखवायचा, असं त्यांचं काम. मोठेबाबांच्या बायकोला, म्हणजे मोठ्या आईला, मूलबाळ नव्हतं. पण हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे, कारण ताई आणि मी असताना आमच्या घरात ते कोणाला सुचलंच नव्हतं. ताईला आंघोळ घालायची ती मोठी आई, माझ्या उवा काढायची तीही मोठी आई. माझी आई स्वयंपाकात जरा हलक्या हाताची. तिची भाकर फुगायची पण कालवणाला चव बेताची. अंबाडीची भाजी करावी ती मोठ्या आईनंच. तुरीची डाळ घालून शिजवायची, आणि वरून लसणाची कडकडीत फोडणी. ती फोडणी पडली की स्टेशनाकडून घरी येणारे बाबा फाटकातूनच विचारायचे, "वयनी, झालं काय?" आणि दोघे भाऊ एका चटईवर बसून जेवायचे. मोठेबाबा जेवताना बोलत नसत. बाबा दोघांच्या वाटचं बोलायचे.

ते गाण्याचं यंत्र आलं तेव्हा घर असं एक होतं. स्टेशनावरच्या एका साहेबाची लांब बदली झाली आणि सामान जास्त होतं म्हणून त्यानं ते विकायला काढलं. त्या साली कापूस बरा झाला होता. दोघा भावांनी मिळून ते घेतलं आणि बैलगाडीत कडब्याच्या पेंढ्या घालून, त्यात लपेटून, नव्या नवरीसारखं घरी आणलं. लाकडी पेटी, तिच्यात फिरणारी थाळी, आणि दोन बाजूंना ठेवायचे दोन मोठे डबे. बरोबर थोड्या तबकड्या. साहेबानं बाबांना सांगितलं होतं की हे साधं नव्हे, स्टेरिओ आहे. ह्या तबकड्यांत वाद्यं एका डब्यातून येतात आणि गळा दुसऱ्यातून, मध्ये बसलं तर गाणं पुरं होतं. पहिल्या संध्याकाळी निम्मं गाव ओसरीत होतं. मोठेबाबा एकदा ह्या डब्याला कान लावायचे, एकदा त्या डब्याला, आणि गंभीरपणे सांगायचे, "बाई इकडं हाय. तबला तिकडं हाय. मधात बसा, मधात." नंतर ते रोज संध्याकाळी दोन्ही डब्यांच्या बरोबर मधोमध पाट मांडून बसायचे. मी त्यांच्या मांडीवर. गाणं चालू असताना त्यांच्या पोटातून एक बारीक घुमणारा आवाज यायचा, तो त्यांच्या गाण्याचा.

ती गाडी ओढून आणणारा बैल मोऱ्या. म्हातारा झाला होता, एका पायानं लंगडत होता. मोठेबाबा त्याला रोज स्वतः पेंड खाऊ घालायचे. बाबांचं म्हणणं, काम करत नाही त्याला वैरण किती दिवस घालायची. हा वाद वर्षभर चालला होता, आणि तसाच चालला असता तर काही बिघडलं नसतं. पण मोठेबाबा सोयऱ्यांकडे मौतीला गेले असताना बाबांनी मोऱ्याला बाजारात नेऊन विकला. मोठेबाबा परत आले, गोठ्यात गेले, रिकाम्या खुंट्याजवळ उभे राहिले. मला वाटलं आता मोठं भांडण होणार. ते फक्त एवढंच म्हणाले, "मले इचारलं नाई." आणि त्या दिवसापासून बाबांशी त्यांनी बोलणं टाकलं. बाबांनी दोन-चारदा समजावायचा प्रयत्न केला, तो सगळा हिशोबाचा होता, बैल किती खातो आणि किती काम करतो ह्याचा. चुकलं, एवढं म्हणायचं मात्र त्यांना सुचलं नाही. शहाण्या माणसांचं असंच असतं, त्यांना आपलं बरोबर कसं होतं हेच आठवत राहतं.

मग पंच बसले. आमच्याकडे रीत अशी की पंचांनी वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, म्हणजे कोणाला बोट ठेवायला जागा राहत नाही. विहारापुढच्या पारावर तीन शहाणी माणसं बसली आणि त्यांनी आमच्या घरातला चमचान् चमचा दोन ढिगांत घातला. यंत्राची पाळी आली तेव्हा त्यांना फार विचार करावा लागला नाही. डबे दोन, भाऊ दोन. आणखी काय पाहिजे? थाळीवर सुई ठेवायचं बाबांनाच जमायचं, म्हणून पेटी बाबांकडे, तिच्या बदल्यात तांब्याचं घंगाळ मोठेबाबांकडे, आणि डबे एकेक. मोठेबाबांनी एकच अट घातली, तीही पंचांकडं बघून: "पेटी कुठीबी राहो. वाजन तवा माहा डबा माह्या घरात वाजला पायजे." बाबांनी पुढं होऊन एक डबा उचलला. कोणता कशाचा हे त्या वेळी कोणी पाहिलं नाही. घरी आल्यावर कळलं की त्यांनी तबला उचलून आणला.

ओसरी आणि माजघर दोन्ही मधोमध चिरत कच्च्या विटांची भिंत उठली. तिच्यात, माझ्या कानाच्या उंचीवर, दोन बोटांचं भोक ठेवलं, वायर जायला. पुढं त्या घरात जे काही होतं-नव्हतं ते मायेचं सगळं त्या भोकातूनच गेलं. मोठी आई पलीकडून हळू विचारायची, "बारके, जेवली काय?" मी भिंतीला तोंड लावून सांगायची, जेवले. "काय केलं होतं मायनं?" मी सांगायची, बेसन. ती म्हणायची, "बरं." अंबाडीला फोडणी पडली की वास मात्र भिंतीवरून बिनदिक्कत यायचा, त्याची वाटणी पंचांना करता आली नाही. माझी आई तो वास आला की चुलीपुढं उगाच लाकडं पुढं-मागं करत बसायची. तिला जाऊ नव्हे, थोरली बहीण गेल्यासारखं झालं होतं.

आणि गाणं. बाबा ड्यूटीवरून येऊन सुई ठेवायचे. आमच्या ओसरीत तबला वाजायचा, व्हायोलिनं चढायची, उतरायची, मग एकदम गप्प होऊन नुसता ठेका. त्या गप्प जागेत बाई गात असायची, पण ती भिंतीपलीकडं. बाबा भिंतीकडं न बघता बसायचे. मागच्या वायरी उलट-सुलट केल्या असत्या तर बाई आमच्याकडं आली असती, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण पंचांनी वाटून दिलेलं असं चोरून फिरवणं त्यांच्यात बसत नव्हतं. भावाला न विचारता बैल विकणं बसलं, हे नाही बसलं. माणसाचा प्रामाणिकपणा कुठं जागा होईल सांगता येत नाही. मी मात्र भिंतीच्या भोकाला कान लावून उभी राहायची. एका कानात तबला आणि एका कानात बाई, असं माझं गाणं तेवढं पुरं व्हायचं. आता नातू त्याच्या मोबाइलचं, कानातलं एक बोंडूक मला देतो आणि म्हणतो, आजी, हे अर्धं गाणं ऐक. मी त्याला म्हणते, बाबा रे, त्याच्या पलीकडून जेवली काय म्हणून विचारणारं कोणी नाही.

ताईला पहिलं स्थळ आलं अनसिंगहून. माणसं ओसरीत बसली, चहा प्यायली, भिंतीकडं बघत राहिली. मुलाचा काका जाताना फाटकात उभा राहून, आम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "जो भावाचा झाला नाई तो व्याह्याचा काय होईन?" आठवड्याभरात नकार आला. दुसऱ्या स्थळानं तर येण्याआधीच भिंतीचं ऐकून निरोप पाठवला. ताई मोठी शांत मुलगी, पण तिनं विहिरीवर दुपारच्या उन्हात जायला सुरुवात केली, तिथं त्या वेळी कोणी नसतं म्हणून. एका रात्री ती चुलीजवळ आईला म्हणाली, "मले कुठीबी द्या, नाईतर देऊ नका, पन आता कोनाले दाखवू नका." आईची भाकर तव्यावर करपून गेली तरी तिनं उलटली नाही. त्या रात्रीनंतर घरात कोणी मोठ्यानं बोलेनासं झालं. मला लग्नातलं काही कळत नव्हतं, पण ताई आता कायमची अशी उन्हातच पाणी आणत राहणार, असं माझ्या मनानं घेतलं आणि मला जेवण जाईना.

मग इंझोरीचं स्थळ आलं. मुलगा मास्तर होता. त्यानं ताईला कोणाच्या तरी लग्नात पाहिलं होतं आणि त्यानंच घरी विषय काढला होता. ताईनंही त्याला पाहिलं होतं. ती तसं म्हणाली नाही, पण तिनं पुन्हा सकाळच्या वेळी पाण्याला जायला सुरुवात केली, ह्यावरून मला कळलं. मध्यस्थी माझ्या मामाची. मामा फार उत्साही माणूस, आणि उत्साही माणसाइतकं नुकसान दुसरं कोणी करत नाही. त्यानं तिकडं परस्पर सांगून टाकलं, "दोगं भाऊ, एकच खटलं, एकच चूल. एका ताटात जेवतात." मग आमच्याकडं येऊन म्हणाला, "मी सांगतलं तसं. आता तुमी पाह्यून घ्या."

आई बाबांपुढं अक्षरशः हात जोडून उभी राहिली. "एक डाव जा. दादाइले म्हना, पोरीसाठी या. निस्तं येऊन बसा म्हना." बाबा भिंतीकडं बघत राहिले. म्हणाले, "मी गेलो अन् त्याहीनं नाई म्हनलं तं?" आई म्हणाली, "तं नाई म्हनतीन. आता तरी कोनतं 'हो' हाय?" बाबा गेले नाहीत. त्यांच्या मनात होतं, पाय उचलत नव्हता. शेवटी मामाच्या अकलेनं ठरलं. भिंतीवर मोठा पलंगपोस ठोकायचा, त्यावर बुद्धाची तसबीर लावायची, आणि थोरले भाऊ वावरात गेलेत असं सांगायचं. पलंगपोस वाऱ्यानं हलला की विटा दिसत. म्हणून मला फुलांचा झगा घालून भिंतीला पाठ लावून उभं केलं. आई म्हणाली, "इथून हालू नको बाप्पा. काई झालं तरी हालू नको." भोक बरोबर माझ्या कानामागं आलं.

पाहुणे दुपारी आले. मुलाचे वडील उंच, बारीक, बोलायला कमी. मुलाची आत्या त्याच्या उलट. मुलगा खाली मान घालून. पोहे झाले, शेती-पाण्याचं बोलणं झालं. मोठेबाबांचं विचारलं तेव्हा मामा म्हणाला, वावरात गेले. त्या ऐन उन्हाळ्यात वावरात ढेकळांशिवाय काही नव्हतं. मुलाचे वडील म्हणाले, "असं काय." आणि मग त्यांची नजर यंत्रावर गेली. "हे वाजते काय?"

बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणाले, "वाजते, पन आज लाईट नाई." त्यांच्या डोक्यावर पिवळा बल्ब भर दुपारी जळत होता, पाहुणे येणार म्हणून मामानंच तो लावून ठेवला होता. मुलाच्या वडिलांनी बल्बकडं पाहिलं, बाबांकडं पाहिलं. मामानं पट्कन सावरलं, "आली आली, आताच आली," आणि हाताला लागली ती तबकडी बाबांच्या हातात दिली. बाबांनी आवाजाचं बटण जितकं खाली नेता येईल तितकं नेलं आणि सुई ठेवली.

व्हायोलिनं वाजली. सगळे खूश. मग ठेका आला आणि गळ्याची जागा आली, आणि आमच्या ओसरीत नुसता तबला. धा धिं, धा धिं. मुलाचे वडील कान देऊन ऐकत होते. "अन् गानारी कुठी हाय?" बाबा म्हणाले, "येते, येते." आणि ती आलीच. माझ्या डोक्यामागून, पलंगपोसातून गाळून, बारीक, गोड, स्वच्छ. आत्याबाईंनी मान वळवली. त्यांना भोक दिसत नव्हतं, मी दिसत होते. "अवं माय," त्या म्हणाल्या, "हे पोरगी गाऊन राह्यली. पाह्य कशी लाजून राह्यली. तोंड उघडून गाय नं, बाई."

सगळी ओसरी माझ्याकडं वळली. आई दारात उभी होती, तिचे डोळे मोठे झालेले. तिच्यामागं चहाचे कप घेतलेली ताई. कप एकमेकांवर किणकिणत होते. मला काय करावं ते सुचेना. हालू नको म्हटलं होतं. तोंडाबद्दल काही म्हटलं नव्हतं. मी तोंड उघडलं.

ते गाणं मला पाठ होतं, भोकाला कान लावून लावून कुठं श्वास घ्यायचा तेही पाठ होतं. मी ओठ हलवत गेले आणि माझ्या मागून बाई गात गेली. आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय गळा हाय," त्या म्हणाल्या, "जसा रेडू लावला." मामानं तेवढ्यात मान डोलावून घेतली. एक क्षण मलाही वाटलं की हे जमतंय, ताईचं होतंय. आणि मग मला आठवलं. ते गाणं दोघांचं होतं. दुसऱ्या कडव्यात पुरुष येतो. मी बाबांकडं पाहिलं; त्यांनाही आठवलं असावं, कारण ते यंत्राकडं सरकायला लागले. पण आत्याबाईंनी त्यांना हातानं थांबवलं, "राहू द्या हो, पोरीले मोडू नका." व्हायोलिनं चढायला लागली. ती कुठं जाऊन थांबतात हे मला माहीत होतं आणि मी त्यांना थांबवू शकत नव्हते. आयुष्यात पुढं मी बरेच कठीण प्रसंग पाहिले, पण इतकी निराधार मी पुन्हा कधी उभी राहिले नाही.

पुरुष आला. चांगला भरदार, मिशीवाला आवाज. भीतीनं माझे ओठ थांबलेच नाहीत, दोन शब्द मी त्याच्याही आवाजात गायले. मग तोंड मिटलं, तरी आवाज चालूच.

मग मुलाचे वडील उठले. त्यांनी माझ्या खांद्याला धरून मला हलकेच बाजूला केलं आणि पलंगपोस उचलला. विटा दिसल्या, भोक दिसलं, वायर दिसली. भोकातून तो मिशीवाला अजून गात होता. "हे भित कायची?" त्यांनी विचारलं. बाबांची मान खाली. मामाचा उत्साह पार ओसरला होता. ताईनं कप तिथंच जमिनीवर ठेवले आणि ती आत गेली. मला वाटलं, संपलं. ताई उद्यापासून उन्हातच पाणी आणणार.

तेवढ्यात तो पुरुष शब्दाच्या मधेच तुटला. आमच्याकडं तबला एकटाच वाजत राहिला. बाबांनी सुई उचलली. आणि फाटक वाजलं.

मोठी आई आत आली. डोक्यावर पदर, आणि कमरेवर, पाण्याची घागर घ्यावी तसा, डबा. तिनं ओसरीत येऊन तो आमच्या डब्यापासून हातभर अंतरावर ठेवला, पदरानं त्याच्यावरची धूळ पुसली आणि मुलाच्या वडिलांपुढं उभी राहिली. बाहेरच्या पुरुषापुढं अशी उभी राहिलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"भित हाय," ती म्हणाली. "चुली दोन हायेत. लपवाचं काई नाई. पन पोरगी माही हाय. तिले न्हाऊ-माखू मी घातलं, गोवर आला तवा मांडीवर मी घेतलं. तुमाले काय इचाराचं असन ते मले इचारा."

मोठेबाबा तिच्यामागं फाटकात उभे होते, आत पाऊल न घालता. मुलाचे वडील त्यांच्याकडं बघून म्हणाले, "अन् तुमी तं वावरात होते म्हने."

"म्या बी आयकलं तसं," मोठेबाबा म्हणाले. "भोकातून सारं आयकू येते."

मुलाच्या वडिलांच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं. ते खाली बसले. म्हणाले, "मी कवा म्हनलं का मले एक खटलं पायजे? आमी तीन भाऊ. घरात दोन भित्ती. पन भितीतून एकमेकाले गानं देनारं घर काई पाह्यलं नोतं." मग मामाकडं बघून, "तुमी कायले एवढं लपवलं बावा?" मामानं त्याच्याकडं असलेलं एकमेव उत्तर दिलं, म्हणजे तो पोहे आणायला आत गेला. आत्याबाई अजून माझ्याकडं संशयानं बघत होत्या. "मंग पह्यलं कडवं तरी हे पोरगी गायली का नाई?" त्यांनी विचारलं.

"गानं आता पुरं होऊ द्या," मुलाचे वडील म्हणाले. "पोरीलेबी बोलवा. आयकू द्या तिले."

बाबांनी भोकातून वायर ओढून घेतली. तिची दोन उघडी टोकं त्यांनी मोठेबाबांच्या डब्याला पिळून लावली. ती दोनदा सुटली. मग थाळी फिरवली, सुई उचलली, आणि ती हवेत धरून ते थांबले. एवढा वेळ थांबले की मला वाटलं यंत्र बिघडलं. मग त्यांनी फाटकाकडं तोंड केलं.

"दादा," बाबा म्हणाले, "लावू काय?"

माझ्या आईनं तोंडाला पदर लावला. मोठेबाबांनी बाबांकडं पाहिलं, गोठ्याकडं पाहिलं, जिथं मोऱ्याचा खुंटा अजून तसाच होता. त्या एका प्रश्नासाठी ते माणूस वर्षभर भिंतीपलीकडं बसून होतं. "लाव," ते म्हणाले. "पन पह्यल्यापासून लाव." आणि आत येऊन दोन्ही डब्यांच्या मधोमध बसले. मी कोणाला न विचारता त्यांच्या मांडीवर जाऊन बसले, त्या वयात ते शोभत नव्हतं तरी. त्यांच्या पोटातला तो घुमणारा आवाज मला पाठीला लागला आणि मी रडायला लागले. आत्याबाईंना वाटलं, गाणं हिसकावलं म्हणून रडते.

ताईचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. पंगतीला अंबाडीची भाजी होती, मोठ्या आईच्या हातची. मात्र कोणी असं समजू नये की भिंत पडली. पाहुणे फाटकाबाहेर गेले आणि मोठ्या आईनं डबा पुन्हा कमरेवर घेतला. वाटणी ती वाटणी. "धर बारके, वायर धर," ती मला म्हणाली, आणि मी वायर धरून तिच्यामागं पलीकडच्या घरात गेले. तिथून जेवूनच परत आले. भिंत शेवटपर्यंत राहिली. बाबा आणि मोठेबाबा पुढंही फारसं बोलले नाहीत. त्यांना बोलायला विषय नव्हते. पण बाबा संध्याकाळी सुई उचलायचे, भोकाजवळ तोंड न्यायचे आणि विचारायचे, "दादा, लावू काय?" पलीकडून "लाव" आलं की मगच सुई खाली. एखाद्या दिवशी मोठेबाबा झोपलेले असत, उत्तर येत नसे, तेव्हा बाबा थाळी बंद करून उठून जायचे.

मोठेबाबा गेले त्याला आता खूप वर्षं झाली. दिवस-कार्य आटोपल्यावर एका संध्याकाळी मी माहेरीच होते. बाबांनी यंत्रावरचा कपडा काढला, तबकडी ठेवली, सुई उचलली आणि सवयीनं भोकाकडं वाकले. "दादा," ते म्हणाले, आणि तिथंच थांबले. थाळी रिकामी फिरत होती. बाबांना सुई खाली ठेवता येईना आणि परतही ठेवता येईना. मी उठणार तेवढ्यात भिंतीपलीकडं पाट सरकला. मोठी आई भोकाजवळ येऊन बसली असावी.

"लावा भाऊजी," ती म्हणाली.